मुलानं किती वेळा सांगायचं?

आपल्याकडे कुणाचा सन्मान करायचा म्हटलं की शाल, श्रीफळ, मानपत्र आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो. मानपत्रात त्या माणसानं काय काय केलं ते सविस्तर लिहिलेलं असतं. हे पुस्तक ज्यांच्याविषयी आहे त्यांचं मानपत्र लिहायला घेतलं, की दुसऱ्या ओळीला पेन थांबतं. समुपदेशक बाईंनी दीड वर्ष सोबत करून एका मुलीला पुन्हा शाळेत बसतं केलं, एवढं लिहिता येतं. मुलगी कोण, शाळा कुठली, घर कुठलं, हे लिहिता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अत्याचारग्रस्त मुलाची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तालुक्याच्या गावात शाळेचं नाव घेतलं तरी गल्ली कळते, आणि गल्ली कळली की घर कळायला वेळ लागत नाही. या क्षेत्रातलं उत्तम काम तेच, ज्याचा कुठे बोभाटा झाला नाही.

अशा कामाचा गौरव कसा करायचा, या अडचणीतून हा संग्रह जन्माला आला. त्यात अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसोबत रोज काम करणाऱ्यांची मनोगतं आहेत: महिला पोलीस उपनिरीक्षक, सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर, समुपदेशक, बाल कल्याण समितीचे सदस्य, बालगृहातल्या काळजीवाहक मावश्या, सरकारी वकील, शाळेतल्या शिक्षिका. वाचक या विषयाला नवा असेल तर आधी थोडा नकाशा हाताशी असावा, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

सुरुवात एका मोजणीनं करतो. एखाद्या मुलीवर ओळखीतल्याच माणसानं अत्याचार केला आणि तिनं तो सांगितला, तर पुढे ती कुणाकुणाला सांगते? आधी आईला. मग वर्गातल्या बाईंना. मग मुख्याध्यापिका, ठाण्यातला ड्युटीवरचा अंमलदार, तपास अधिकारी, रुग्णालयातल्या डॉक्टर, बाल कल्याण समिती, दंडाधिकारी, आणि वर्ष-दोन वर्षांनी न्यायालय. नऊ ठिकाणं झाली. पहिल्यांदा सांगताना हुंदके देणारी मुलगी सहाव्या वेळी पाठ केल्यासारखी बोलते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "पढवलेली दिसते." बालसंरक्षणाचा इतिहास मी वाचतो तो या नऊच्या आकड्याच्या बाजूनं. आधी कुणी ऐकतच नव्हतं. मग ऐकणारे आले, पण कसं ऐकायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आता प्रयत्न आहे तो मुलाला शक्यतो एकदाच सांगावं लागेल, अशी व्यवस्था उभी करण्याचा.

महाराष्ट्रात या कामाची एक मुळी थेट फुल्यांच्या घरात जाते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, बाळंत व्हावं आणि मूल जगवावं, ही सोय होती. नाव गुप्त ठेवण्याची हमी हा त्या सोयीचा पाया होता. आज बाल कल्याण समितीच्या फाइलवर 'गोपनीय' असा शिक्का असतो. त्याची भावना फुल्यांच्या त्या गृहात दिसते. पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीच्या शरीराचा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आणला. बेहरामजी मलबारींनी चळवळ उभी केली, आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले, टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. वय दहावरून बारावर गेलं. या सगळ्या वादात प्रत्यक्ष मुलीला कुणी काही विचारल्याचं मात्र फारसं दिसत नाही. बारापासून अठरापर्यंत यायला त्यानंतर १२१ वर्षं लागली.

बाहेरच्या जगातही ऐकण्याची सुरुवात उशिराच झाली. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईच्या मारहाणीतून सोडवण्यासाठी एटा व्हीलर या समाजसेविकेनं दारोदार खेटे घातले. शेवटी तिला मदत मिळाली ती प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडून. मुलांसाठी अशी संस्था निघाली ती या प्रकरणानंतर. डॉक्टरांना तर आणखी जवळजवळ नव्वद वर्षं लागली. १९६२ मध्ये हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, तोवर एक्स-रेमध्ये दिसणारी जुनी-नवी फ्रॅक्चर 'पडला असेल' म्हणून सोडून दिली जात. त्या निबंधानंतर अमेरिकेत डॉक्टरांवर कळवण्याची कायदेशीर सक्ती आली आणि हा विषय वैद्यकशास्त्राचा झाला.

भारतात त्याआधीच दुसरी एक वाट रुळली होती, संस्थेची. मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालकांसाठी कायदे केले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहं या नावांनी मुंबईकर तिला ओळखतात. या परंपरेचा विचार सरळ होता: मुलाला वाईट ठिकाणाहून उचलायचं आणि सुरक्षित भिंतींच्या आत ठेवायचं. त्याच काळात नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारानं समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. १९३६ ची ती टाटा संस्था आज टिस म्हणून प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी तिथं बालमार्गदर्शन केंद्र निघालं. मुलाच्या वागण्यामागे घर, वस्ती आणि मन असतं, हा विचार घेऊन प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नावाचा माणूस इथं आला. भिंतींची परंपरा आणि माणसांची परंपरा, या दोन्ही आजही शेजारी शेजारी चालतात आणि एकमेकींशी भांडतात.

तिसरा प्रवाह रस्त्यावरून आला. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांच्या 'प्रेरणा'नं १९८० च्या दशकात कामाठीपुऱ्यात वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. आई धंद्यावर असते त्या वेळी मूल कुठे असतं, या साध्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. १९९६ मध्ये टिसच्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं मुंबईत १०९८ ही चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन सुरू झाली. रस्त्यावरची पोरं तो नंबर 'दस-नौ-आठ' असा म्हणत, आणि तसाच तो लक्षात राहिला. नगरमध्ये 'स्नेहालय', पुण्यात 'ज्ञानदेवी' अशी कामं उभी राहिली. आधीच्या संस्थांत मूल सापडल्यावर काम सुरू होई. इथं मूल स्वतः फोन करू शकत होतं.

चौथा प्रवाह स्त्रीवादी चळवळीतून आणि वकिलांच्या टेबलावरून आला. दिल्लीत 'राही', चेन्नईत 'तुलिर', मुंबईत 'अर्पण' आणि 'मजलिस' यांनी 'घरात असं होत नाही' या समजाला हात घातला. २००० मध्ये पिंकी विरानींचं 'बिटर चॉकलेट' आलं आणि मध्यमवर्गीय घरांत हा विषय पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला. केंद्र सरकारनं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून २००७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे अधिक होते. या आकड्यानं बरेच दिवाणखाने गप्प झाले.

कायदा या सगळ्यांच्या मागून आला, आणि तो आला तोही प्रकरणांची ठेच लागून. मडगावमध्ये अनाथ मुलांचा सांभाळ करतो म्हणून मिरवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. गोव्यानं पुढे २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, देशात पोक्सो येण्याच्या नऊ वर्षं आधी. मुंबईत कुलाब्याच्या ॲंकरेज आश्रयगृहातल्या मुलांनी दोन माजी ब्रिटिश नौसैनिकांविरुद्ध तोंड उघडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयानं सोडून दिलं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. निकाल येईपर्यंत सांगणारी मुलं मोठी झाली होती. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी पोक्सो लागू झाला तेव्हा त्यात या मुलांची पायपीट कुठेतरी जमा होती.

पोक्सोची चर्चा होते ती बहुधा शिक्षेच्या कलमांची. या पुस्तकातल्या माणसांना विचाराल तर ती दुसरी कलमं सांगतील. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा. पोलिसांनी त्या वेळी गणवेशात यायचं नाही. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनं करायची. न्यायालयात वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. मुलाला अधूनमधून विश्रांती द्यायची, आरोपी समोर दिसू द्यायचा नाही, वारंवार साक्षीला बोलवायचं नाही. ही कलमं वाचली की लक्षात येतं, हा कायदा मोठ्यांना ऐकायला शिकवणारा आहे.

आणि ऐकणं हे कसब आहे. कलम २६ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचा. ठाण्यातली मराठी वेगळी असते. सहा वर्षांची मुलगी म्हणते, "मला गुदगुल्या नको होत्या तरी काका करत होते." कागदावर उतरतं, "सदर इसमाने फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." दोन वर्षांनी साक्षीत तिला विचारतात, लज्जा म्हणजे काय? तिला सांगता येत नाही. तो शब्द तिचा नव्हताच. चांगली तपास अधिकारी ते 'गुदगुल्या' जसंच्या तसं लिहिते, आणि 'शूची जागा' या शब्दालाही हात लावत नाही. त्या एका शब्दावर पुढे खटला उभा राहू शकतो.

प्रश्नांचंही तसंच. "काकांनी इथं हात लावला का?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. "मग काय झालं?" या प्रश्नात काही भरलेलं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात मुलांना सुचवणारे प्रश्न इतके विचारले गेले की वर्षानुवर्षं चाललेला तो खटला एकाही शिक्षेविना संपला. मुलाखत घेण्याच्या शास्त्राला त्यातून धडा मिळाला. मायकेल लॅम आणि सहकाऱ्यांनी खुल्या प्रश्नांची जी पद्धत घडवली ती आज अनेक देशांत शिकवली जाते. आपल्याकडच्या अनुभवी समुपदेशक ती पद्धत नावानं ओळखत नसतील, पण "मग?" म्हणून थांबायचं आणि शांतता सोसायची, हे त्यांना ठाऊक असतं. शांतता सोसणं हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, असं या संग्रहातल्या एकीहून अधिक जणींनी लिहिलं आहे.

डॉक्टरांच्या बाजूचं शिकणंही कष्टाचं होतं. 'दोन बोटांची चाचणी' ही अपमानकारक आणि अशास्त्रीय पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. तिच्याविरुद्ध सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी केलेला पाठपुरावा महाराष्ट्राला ठाऊक असायला हवा. मुंबईत 'सेहत' या संस्थेनं महापालिकेच्या रुग्णालयांत उपचार, पुरावा आणि आधार एकत्र देण्याचा नमुना उभा केला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या चाचणीवर कठोर ताशेरे ओढले आणि २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या. आज चांगली डॉक्टर तपासणीआधी मुलीला प्रत्येक वस्तू दाखवते: हा कापूस, हा दिवा, नको वाटलं तर हात वर कर. हात वर झाला की ती थांबते. तिच्या शरीराबाबत 'नको' म्हटल्यावर मोठं माणूस थांबलं, हे त्या मुलीला त्या घटनेनंतर पहिल्यांदा अनुभवायला मिळतं. उपचार तिथूनच सुरू होतो.

या क्षेत्रात सगळ्यांचं एकमत आहे असं मात्र समजू नका. कळवण्याची सक्ती हा मोठा वाद आहे. अत्याचाराची माहिती असून न कळवणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे. त्यामुळे शाळांना आणि रुग्णालयांना प्रकरण दडपता येत नाही, हा त्याचा फायदा. पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी समुपदेशकाकडे विश्वासानं आली आणि आता पोलिसांत जाणार हे कळलं, की तिचे ओठ मिटतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या बाबतीत डॉक्टरांना अशा मुलीचं नाव न देण्याची मुभा दिली; बाकी पेच तसाच आहे. दुसरा वाद घर की संस्था हा. आरोपी घरातलाच असेल तर मुलाला बालगृहात पाठवायचं, की आरोपीला घराबाहेर काढायचं? घर सोडावं लागलं की मुलाला वाटतं, शिक्षा आपल्यालाच झाली. तिसरा वाद फाशी हवी की शिक्षेची खात्री हवी, हा. शिक्षा जितकी कठोर, तितका घरच्यांवर 'जबाब मागे घे' म्हणून दबाव मोठा, असं अनेक वकील सांगतात. साक्षीदार फितूर होतो तेव्हा पुष्कळदा तो मुलाच्याच घरचा असतो.

जगात मुलाचं हे ठिकठिकाणचं सांगणं एका छताखाली आणण्याचे प्रयोग झाले. १९८५ मध्ये अमेरिकेत हंट्सव्हिल इथं आणि १९९८ मध्ये आइसलँडमध्ये अशी केंद्रं निघाली, जिथं मूल एका खोलीत एका प्रशिक्षित व्यक्तीशी बोलतं आणि पोलीस, डॉक्टर, वकील शेजारच्या खोलीत ते ऐकतात. आपल्याकडेही पावलं पडली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या स्मृती बदाडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळं साक्ष केंद्र उभारण्याच्या दृष्टीनं आदेश दिले. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी 'सहायक व्यक्ती' हे पद ठळक केलं: तक्रारीपासून निकालापर्यंत मुलासोबत राहणारं, तारखा सांगणारं, न्यायालय आधी रिकामं असताना नेऊन दाखवणारं माणूस. "न्यायाधीश इथं बसतात. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. पाणी हवं तर मागायचं." एवढी तीन वाक्यं आधी सांगितलेली असली की साक्षीच्या दिवशी मूल वेगळं असतं.

हे पुस्तक आताच का? २०२२ या एका वर्षात देशात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे नोंदले गेले, त्यांतले जवळपास ४० टक्के पोक्सोखालचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या दोन चिमुकल्यांच्या प्रकरणात लोकांनी रेल्वे अडवली आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. लोकांचा राग खरा होता. पण राग रुळांवरून उतरला की प्रश्न उरतो: त्या मुलींचा जबाब नीट कोण घेणार, त्यांना कोण सोबत करणार? हे काम करणाऱ्यांची बरीच पदं कंत्राटी असतात, पगार तुटपुंजा असतो आणि एकीच्या हातात अनेक फाइली असतात. फोनवरून होणाऱ्या छळानं कामाचं स्वरूपही पालटलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका असं सांगितलं, कारण त्या चित्रात दिसतं ते एका मुलाचं शोषण असतं.

ऐकणाऱ्याच्या मनात हे सगळं मुरतं, याकडे आपण फार कमी पाहिलं. मानसशास्त्रात १९९० पासून त्याला नाव आहे, ऐकून होणारा आघात. संग्रहातल्या एका समुपदेशिकेनं लिहिलं आहे की तिनं स्वतःच्या मुलीला आजोळी मुक्कामाला पाठवणं बंद केलं. का, ते घरात कुणाला सांगता आलं नाही. अशा माणसाला 'देवदूत' म्हणणं सोपं आहे. देवदूताला रजा लागत नाही, वरिष्ठांशी बोलायला दर आठवड्याला तासभर लागत नाही, वेळेवर पगारही लागत नाही. म्हणून या पुस्तकात तो शब्द कुठेही नाही, आणि संपादकांनी तो मुद्दाम टाळला आहे.

मग हे पुस्तक काय करू पाहतं? ते पीडित मुलांच्या कहाण्या सांगत नाही. मुलांचे तपशील बदलले आहेत, काही ठिकाणी पूर्ण गाळले आहेत. त्यामुळे काही मनोगतं अर्धवट वाटतील. ती तशीच वाचावीत. यात कामाचं कसब आहे, चुका आहेत, हरलेले खटले आहेत. एका पोलीस अधिकाऱ्यानं सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या एका वाईट जबाबाची कबुली दिली आहे. या संग्रहातलं सर्वांत धाडसी पान मला ते वाटतं. चाळीस वर्षं बालगृहात पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि विशेष न्यायालयातल्या वकील इथं एकाच पंगतीत बसल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. मूल बोलू लागतं ते पुष्कळदा कचेरीत नसतं, पोळपाटाशेजारी असतं.

वाचकाला एकच विनंती. नऊ ठिकाणांच्या त्या यादीत पहिली तीन ठिकाणं व्यावसायिकांची नाहीत. ती तुमची-माझी आहेत. एखादं मूल तुमच्याशी काही बोलू लागलं तर त्याला थांबवू नका, सुचवू नका, "नक्की ना?" म्हणू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि १०९८ वर फोन करा. तुम्ही नीट ऐकलंत तर पुढच्या सहा जणांचं काम निम्मं होतं. या माणसांचा याहून मोठा सत्कार मला सुचत नाही.